तीन खोल्या, एक भाडे

भाड्याच्या जागेत दोघातिघांनी मिळून राहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार असेच राहत. खाणावळीत जेवत आणि खोलीचे भाडे माणशी वाटून घेत. आज बदलीच्या गावी गेलेले शिक्षक, शिकायला शहरात आलेली मुले, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली असे बिऱ्हाड करतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रश्न येतो, कुणी किती द्यायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असते. एकूण रक्कम भागिले माणसे. हे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळदा चुकीचे आहे. ते चुकीचे का, आणि बरोबर उत्तर शोधायची काही खात्रीची रीत आहे का, हे या लेखात पाहू.

२००६ साली पुण्यात संशोधन करीत असताना आम्ही तिघांनी मिळून एक जागा घेतली होती. एक मित्र भौतिकीचा, दुसरा रसायनशास्त्राचा आणि तिसरे आम्ही. भाडे महिना ९००० रुपये. झोपायच्या खोल्या तीन, पण तिन्ही सारख्या नव्हत्या. मोठीला बाल्कनी होती आणि तिचे न्हाणीघर स्वतंत्र होते. मधली रस्त्याच्या बाजूला, उजेडाची पण गोंगाटाची. छोटी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली मूळची कोठीची खोली; तिच्यात कॉट ठेवली की टेबल मावत नसे. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. भौतिकीच्या मित्राला मोठी खोली आली, आम्हाला मधली, रसायनवाल्याला छोटी. भाडे प्रत्येकी ३०००. चिठ्ठी नशिबाने निघाली, भाडे सारखे, म्हणजे न्याय झाला अशी आमची समजूत होती.

आठ महिन्यांनी रसायनवाला मित्र वसतिगृहात जागा मिळाली म्हणून गेला. नऊ हजार दोघांत परवडेनात, तेव्हा पुढे दोन महिन्यांत जागाच सोडावी लागली. पुष्कळ वर्षांनी तिघे एका लग्नात भेटलो. तो आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. जुन्या जागेचा विषय निघाला तेव्हा तो सहज म्हणून गेला, "अरे, घराचं भाडं जास्त नव्हतं. त्या खोलीचं जास्त होतं." तेव्हाच का बोलला नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, "चिठ्ठी मीच उचलली होती ना. आणि शिष्यवृत्ती नसलेला तिघांत मी एकटा. मी बोललो असतो तर पैशासाठी बोलतोय असं झालं असतं."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही, आणि या लेखाचे कारणही तेच आहे.

सगळ्यांत आधी सुचणारी दुरुस्ती म्हणजे खोल्या मोजायच्या आणि चौरस फुटांच्या प्रमाणात भाडे लावायचे. पण फूटपट्टीला बाल्कनी कळत नाही. शिवाय, बाल्कनीची किंमत तरी सर्वांना सारखी कुठे असते? भौतिकीच्या मित्राला झाडांची हौस होती. आम्ही रात्री उशिरापर्यंत वाचत बसणारे, आम्हाला बाल्कनी असली काय नि नसली काय. रस्त्याच्या गोंगाटाचाही त्रास होत नसे. एकाच खोलीची किंमत तीन माणसांच्या लेखी तीन असते. म्हणजे मोजपट्टी खोलीला नव्हे, माणसाला लावायला हवी.

हा विचार नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाकडे जाते. न्याय्य वाटणीचा प्रश्न त्याने १९४८ साली एका निबंधात मांडला. बनाख आणि क्नास्टर या त्याच्या सहकाऱ्यांचेही त्यात काम होते. त्याची सुरुवात आपल्या घरातल्या युक्तीपासूनच होते. दोन भावंडांत वडीचा एक तुकडा वाटायचा असला की आई सांगते, एकाने कापायचे, दुसऱ्याने उचलायचे. कापणारा दोन्ही भाग आपल्या दृष्टीने सारखे ठेवतो, उचलणारा आपल्याला मोठा वाटेल तो घेतो. दोघांचीही तक्रार राहत नाही. दोन खोल्या आणि दोन माणसे असतील तर ही युक्ती जशीच्या तशी चालते. एकाने भाड्याचे दोन भाग करायचे, दुसऱ्याने आधी खोली निवडायची. दोन शिक्षक मिळून राहत असतील तर त्यांना पुढचा लेख वाचायचीही गरज नाही!

तिसरा माणूस आला की ही युक्ती पुरत नाही. म्हणून आधी न्याय्य म्हणजे काय ते ठरवून घेऊ. आपली व्याख्या अशी: ज्या वाटणीत कुणालाही 'माझी खोली आणि माझे भाडे यांपेक्षा त्याची खोली आणि त्याचे भाडे मिळाले असते तर बरे', असे वाटत नाही, ती न्याय्य. थोडक्यात, हेवा नसलेली वाटणी. या व्याख्येचा गुण हा की ती तपासता येते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, अदलाबदल करतोस का?

त्या लग्नाच्या मांडवात आम्ही कागदाचे तीन कपटे घेतले आणि तिघांनी जुन्या दिवसांची आठवण ठेवून, एकमेकांना न दाखवता, तिन्ही खोल्यांच्या आपल्या लेखी किमती लिहिल्या. अट एकच, तिन्हींची बेरीज ९००० झाली पाहिजे. ही अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर खिसा गरम असलेला माणूस सगळेच आकडे फुगवून लिहील. ती असली की प्रत्येकाला फक्त एवढेच सांगता येते की एका खोलीपुढे दुसरी आपल्याला किती वाटते. आकडे असे निघाले:

भौतिकी : मोठी ४५००, मधली ३०००, छोटी १५००
रसायन : मोठी ४२००, मधली २७००, छोटी २१००
आम्ही : मोठी ३३००, मधली ३३००, छोटी २४००

आता खोल्या कुणाला द्यायच्या? तीन माणसांना तीन खोल्या देण्याचे प्रकार सहाच. प्रत्येक प्रकारात ज्याची खोली त्याने लिहिलेली किंमत घेऊन बेरीज करायची आणि सर्वांत मोठी बेरीज निवडायची. भौतिकीला मोठी, आम्हाला मधली आणि रसायनला छोटी दिली तर ४५०० + ३३०० + २१०० = ९९०० येतात. बाकीच्या पाचांत एवढे कशातच येत नाहीत. वाचकांनी करून पाहावे. गंमत म्हणजे चिठ्ठ्यांनीही हीच विभागणी केली होती. खोल्या योग्य माणसांनाच गेल्या होत्या, चुकले होते ते भाडे.

सर्वांत मोठी बेरीजच का, याचे कारण विद्यार्थ्यांनाही पटेल असे आहे. समजा, भाडी अशी ठरली की कुणालाच हेवा नाही. म्हणजे प्रत्येकाची आपल्या खोलीतली बचत, अर्थात लिहिलेली किंमत वजा भाडे, ही दुसऱ्या कोणत्याही खोलीतल्या बचतीपेक्षा कमी नाही. मग खोल्यांची दुसरी कोणतीही अदलाबदल घ्या. तिघांच्या तीन असमानता मांडून बेरीज करा. भाड्यांची बेरीज दोन्हीकडे ९००० च, ती गळून पडते. उरते एवढेच की आपल्या विभागणीतली किमतींची बेरीज त्या अदलाबदलीतल्या बेरजेपेक्षा कमी नाही.

बेरीज ९९००, द्यायचे ९०००. म्हणजे ९०० रुपये शिल्लक! ही शिल्लक आली कुठून? तिघांनी सारखेच आकडे लिहिले असते तर ती शून्य आली असती. आवडीनिवडी वेगळ्या असणे ही वाटणीतली अडचण आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत म्हणूनच प्रत्येकाला त्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा स्वस्तात खोली देता येते.

९०० चे तीन सारखे भाग करून प्रत्येकाला ३०० ची सूट देऊ. मोठी ४२००, मधली ३०००, छोटी १८००. आता हेवा तपासू. भौतिकीला आणि रसायनला आपापल्या खोलीत ३०० ची बचत, दुसऱ्या खोल्यांत शून्य किंवा तोटा. ते खूश. आमची मात्र पंचाईत. मधल्या खोलीत आमची बचत ३००, पण छोटी खोली आमच्या लेखी २४०० ची आणि ती १८०० ला जात आहे, म्हणजे तिथे बचत ६००. आम्हाला हेवा वाटणारच. तेव्हा मधलीचे भाडे उतरवायचे आणि तो बोजा बाकी दोघांवर सारखा टाकायचा. आम्हाला २०० कमी, त्यांना १००-१०० जास्त केले की मोठी ४३००, मधली २८००, छोटी १९०० होते. आता आमची बचत मधलीत ५०० आणि छोटीतही ५००. हेवा संपला. भौतिकीची मोठीत २०० आणि मधलीतही २००. रसायनची छोटीत २००, बाकी दोन्हींत १०० चा तोटा. कुणालाच अदलाबदल नको.

हेवा नसलेली भाडी एकच नसतात, अनेक असतात. त्यांतली कोणती घ्यावी? ज्याची बचत सर्वांत कमी, त्याची ती जास्तीत जास्त व्हावी, ही कसोटी २०१६ साली संगणकशास्त्रज्ञ आरियल प्रोकाचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवली. वरचे आकडे त्या कसोटीला उतरतात. आमची बचत रसायनपेक्षा निदान ३०० नी जास्त असल्याशिवाय आमचा हेवा जात नाही. ते ३०० बाजूला काढले की उरलेल्या ६०० चे तीन भाग, प्रत्येकी २००. यापेक्षा वर नेता येत नाही.

आता मागे वळून पाहा. भौतिकीच्या मित्राने दरमहा १३०० कमी दिले. आम्ही २०० जास्त. आणि रसायनवाल्याने दरमहा ११०० जास्त दिले, आठ महिने. ८८०० रुपये, सगळ्या घराच्या एका महिन्याच्या भाड्याला २०० कमी. कागदावर हा आकडा आला तेव्हा आम्ही थोडे ओशाळलो. भौतिकीवाल्याने जेवणाचे पैसे देऊ केले. रसायनवाला म्हणाला, लग्नात जेवण फुकटच असतं.

चिठ्ठ्या बंद असाव्यात याला कारण आहे. भौतिकीच्या मित्राला इतरांचे आकडे आधी कळले असते तर मोठीची किंमत थोडी कमी लिहून त्याने भाडे उतरवून घेतले असते. फार कमी लिहिली तर खोलीच हातची जाते, पण बेताने खोटे बोलणे या रीतीत शक्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

किमती लिहिणे ज्यांना अवघड किंवा बाजारू वाटते, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे आणि वर्गात करून पाहायला ती फार सुंदर आहे. फळ्यावर मोठा समभुज त्रिकोण काढा. कोपऱ्यांना १, २, ३ म्हणा. याच तीन खोल्या. त्रिकोणातला प्रत्येक बिंदू म्हणजे ९००० ची एक विभागणी. कोपरा १ वर सगळे भाडे खोली १ वर आणि बाकीच्या दोन फुकट. १ आणि २ यांना जोडणाऱ्या बाजूवर खोली ३ फुकट. बरोबर मध्यावर प्रत्येकी ३०००. आता बाजूंचे समान भाग पाडून आत लहान त्रिकोणांची जाळी काढा. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर भ, र, आ यांपैकी एक अक्षर असे लिहा की प्रत्येक लहान त्रिकोणाच्या टोकांना तिन्ही अक्षरे येतील. ओळीने भ, र, आ लिहीत जाऊन पुढची ओळ योग्य तेवढी सरकवली की हे जमते. मग प्रत्येक बिंदूपाशी त्या अक्षराच्या माणसाला विचारायचे, 'भाडी अशी असतील तर तू कोणती खोली घेशील?' आणि उत्तराचा आकडा तिथे लिहायचा.

आपण एकच गोष्ट गृहीत धरू: फुकट खोली समोर असताना कुणी भाड्याची खोली निवडत नाही. म्हणजे १-२ या बाजूवर सगळीकडे ३ येणार, २-३ या बाजूवर सगळीकडे १, आणि ३-१ या बाजूवर सगळीकडे २. कोपऱ्यावर दोन खोल्या फुकट, तेव्हा त्या दोहोंपैकी कोणताही आकडा. आतमध्ये वाटेल ते.

आता प्रत्येक लहान त्रिकोण हे एक दालन समजा. ज्या रेषेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला २ आहे, ती रेषा म्हणजे दार. बाहेरच्या कडेला दारे किती? १ आणि २ शेजारी येतात ते फक्त कोपरा ३ जवळ. तिथे एका बाजूने १ ची रांग येते, दुसऱ्या बाजूने २ ची, आणि कोपऱ्यावर १ तरी असतो नाहीतर २. म्हणजे बाहेरून आत जायला नेमके एकच दार. त्यातून आत शिरा. दालनाच्या तिसऱ्या टोकाला १ किंवा २ असेल तर त्याला आणखी एक दार असते. तिथून पुढच्या दालनात जा. कोणत्याही दालनाला दोनापेक्षा जास्त दारे नाहीत, त्यामुळे एकदा सोडलेल्या दालनात परत येता येत नाही. बाहेरही पडता येत नाही, कारण बाहेरचे एकमेव दार आपण वापरून झालो आहोत. दालने मोजकीच आहेत. तेव्हा कुठेतरी थांबावेच लागणार, आणि थांबायची जागा एकच: ज्या दालनाला एकच दार आहे, म्हणजे ज्याच्या तिसऱ्या टोकाला ३ आहे.

त्या दालनाच्या तीन टोकांना तीन वेगळी माणसे आहेत आणि त्यांनी तीन वेगळ्या खोल्या मागितल्या आहेत. जाळी एकेका रुपयाची असेल तर तिन्ही टोकांवरच्या भाड्यांत फरक रुपयाचा. एवढ्यावर कोण भांडणार? कुणी कोणतेही आकडे मनात धरले असोत, अशी जागा असतेच. जाळीवरच्या अंकांबद्दलचा मूळ सिद्धान्त एमानुएल स्पर्नर या जर्मन गणितज्ञाने १९२८ साली मांडला. भाड्याच्या प्रश्नाला तो कसा लावायचा, हे फ्रान्सिस सू या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये दाखवले. माणसे आणि खोल्या तिनाऐवजी कितीही असल्या तरी ते लागू पडते.

खोल्यांचे झाले. वीज, गॅस, दूध, कामवाल्या बाईंचा पगार यांचे काय? इथे आमचे मत असे की बहुतेक खर्च सरळ सारखे वाटावेत. दुधाचा हिशेब कपाकपाने ठेवणाऱ्या घरात राहणे कठीण. पण विजेबद्दल भांडण्यापूर्वी एकदा गुणाकार करावा. २००० वॉटचा गीझर रोज पाव तास म्हणजे महिन्याला १५ युनिटे. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास म्हणजे साडेबावीस. गीझर वापरणाऱ्यावर सगळे तुटून पडतात आणि पंखा डोक्यावर निवांत फिरत असतो. (आताचे बी.एल.डी.सी. पंखे याच्या निम्म्याहून कमी वीज घेतात.)

खरी मेख दराच्या टप्प्यांत असते. आपल्याकडे घरगुती विजेची पहिली १०० युनिटे स्वस्त आणि पुढची महाग. समजा, पहिल्या शंभरांना ४ रुपये आणि पुढे ८ रुपये दर आहे. दोघांपैकी एकाचा वापर ६० युनिटे, दुसऱ्याचा ९०. वेगवेगळे राहते तर २४० आणि ३६०, एकूण ६००. एकत्र १५० युनिटांचे बिल ८००. वरचे २०० कुणाचे? जास्त वापरणाऱ्याचे, असे पहिला म्हणणार. तू नसतास तर मी शंभराच्या आतच होतो, असे दुसरा. दोघेही खरे बोलत आहेत. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ साली यावर तोडगा दिला: आधी पहिला आला असे धरून दोघांचा खर्च काढा, मग आधी दुसरा आला असे धरून काढा, आणि सरासरी घ्या. पहिल्याला २४० आणि ४४० यांची सरासरी ३४०, दुसऱ्याला ४६०. युनिटांच्या प्रमाणात वाटले असते तर ३२० आणि ४८० आले असते. शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, अर्थात विजेच्या बिलासाठी नव्हे.

एक प्रश्न या सगळ्यांच्या बाहेर राहतो. रसायनच्या मित्राला शिष्यवृत्ती नव्हती, शिकवण्या घेऊन तो भागवत असे. त्याने एकूणच कमी द्यावे का? हेवा तपासणारे गणित याचे उत्तर देत नाही, कारण ते फक्त खोल्यांची तुलना करते. द्यायचे असेल तर ते आधी आणि उघडपणे ठरवावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी भाड्यातले हजार-पाचशे सुरुवातीलाच उचलावेत आणि राहिलेल्या रकमेच्या चिठ्ठ्या लिहाव्यात. छोट्या खोलीचे भाडे कमी असणे ही मेहेरबानी नव्हे, ती तिची किंमत आहे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की आमच्या मित्रासारखे होते. हक्काची गोष्ट मागतानाही ती मदत मागितल्यासारखी वाटते.

त्रिकोणाचा खेळ त्या मित्राने नंतर अकरावीच्या वर्गात करून पाहिला. भ, र, आ म्हणून तीन मुलींना उभे केले, खोल्यांची वर्णने फळ्यावर लिहिली आणि कडेवरच्या एका बिंदूपाशी विचारले की छोटी फुकट आहे, बाकी दोन साडेचार-साडेचार हजारांना, कोणती घेशील? मुलगी म्हणाली, मधली. छोटीत टेबल मावत नाही, बारावीचा अभ्यास कुठे करू? आमचे एकमेव गृहीतक तिथेच मोडले. मित्राने रात्री फोन करून विचारले की आता काय करायचे? तिघींपैकी कुणालाच ती खोली फुकटही नको असेल तर एकच मार्ग उरतो, असे आम्ही त्याला सांगितले. तिचे भाडे शून्याच्या खाली न्यायचे, म्हणजे जी तिथे राहील तिला उरलेल्या दोघींनी दरमहा काहीतरी द्यायचे. किती, ते पुन्हा चिठ्ठ्यांवरून काढता येते. फक्त या वेळी छोटीपुढे ऋण संख्या लिहायची मुभा द्यायची. पुढच्या तासाला तो तेच करणार होता.